खुर्चीवर कोण, स्टुलावर कोण

पेणला रामवाडीत खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला स्टुलावर बसवलं. स्टूल डुगडुगत होतं. शेजारीच हात असलेली, गादी घातलेली लाकडी खुर्ची रिकामी होती आणि ते स्वतः ओटीच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, पाठीचं काहीतरी असेल. मी आपली दोन्ही पाय फरशीला घट्ट रोवून, तोल सांभाळत त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिले. नोकरी कुठे? रोह्याला, कंपनीच्या लॅबमध्ये. मग रोह्यालाच का नाही राहत? म्हटलं, तिथे सुट्टीच्या दिवशीही हवेला कंपनीचा वास येतो, कामावरून सुटल्यासारखंच वाटत नाही. ते हसले नाहीत. रविवारी काय करता?

"झोपते," मी खरं ते सांगितलं.

"झोपता," ते म्हणाले आणि खोलीची किल्ली दिली.

स्टुलाची भानगड मला दूधवाल्याने सांगितली, तीही बऱ्याच दिवसांनी. "तुमाला कुठं बसवलं सरांनी? स्टुलावर ना?" तो खुशीत म्हणाला. "मग आपण एकाच पार्टीतले."

भानगड अशी होती. सरांच्या ओटीवर खुर्ची होती ती नीतिमान माणसांसाठी आणि स्टूल होतं ते दुर्जनांसाठी. हे शब्द सरांचेच. नीतिमान माणूस टवाळखोरांच्या बैठकीला जाऊन बसत नाही, असं त्यांच्या शास्त्रात सांगितलंय, तेव्हा बैठका वेगळ्या पाहिजेत, एवढा साधा हिशेब. सरांनी हे कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. आलेल्या माणसाकडे एकदा बघायचं आणि हाताने जागा दाखवायची, बस्स. रामवाडीने हळूहळू ताडलं. दूधवाला दुधात पाणी घालायचा म्हणून स्टुलावर, आणि ते त्याला मान्य होतं. समोरचे वकील एक महिना खुर्चीवर होते, मग कुणाच्या तरी खटल्यात काय झालं कोण जाणे, स्टुलावर आले. नगरसेवक आले की सर त्यांच्याशी उभ्यानेच बोलायचे. त्यांचा निकाल लागायचा असावा.

मला एकदा बढती मिळाली होती. सरांना ताप आला होता आणि मी त्यांना पेज करून दिली. दोन दिवसांनी त्यांनी मला हाताने खुर्ची दाखवली. मी राणीसारखी बसले. दुसऱ्याच दिवशी मी फोनवर साहेबांना "अंगात कणकण आहे, आज येत नाही" असं सांगत होते आणि सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. संध्याकाळी परत स्टूल.

"आणि तुम्ही कुठले, सर?" मी चिडून विचारलं. "पायरीवर बसून कसं सुटता तुम्ही?"

"माझं मी ठरवायचं नसतं," ते शांतपणे म्हणाले.

त्यांना सगळं गाव सरच म्हणायचं, कारण ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले, ते इथलेच झाले. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची घरं बोटांवर मोजण्याइतकी. पाळक महिन्यातून एकदा बाहेरगावाहून यायचे, एरवी कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून उपासना व्हायची. आणि गाव पेण, गणपतीच्या मूर्तींचं. आपला ड्रॉइंगचा मास्तर ख्रिस्ती आहे याचं पेणला काही वाटायचं नाही, पण सरांना मात्र आपण पेणला ड्रॉइंग शिकवलं याचं फार वाटायचं. कारण त्यांचे निम्मे विद्यार्थी जोह्याच्या आणि आसपासच्या कारखान्यांत गणपतींचे डोळे आखायला बसले होते.

असाच एक जण एकदा पेढे घेऊन आला. चांगला पोट सुटलेला, स्वतःचा कारखाना असलेला माणूस. वाकून पाया पडायला लागला तसे सरांनी पाय आत ओढले. "माणसाच्या पाया पडायचं नसतं. सलाम कर, आमच्यात करतात तसा."

"सलाम, सर," तो हसत म्हणाला. "पण डोळा तुम्हीच शिकवलाय. माझ्या गणपतीकडं लोक बघत राहतात ना, ते तुमच्यामुळं."

सरांनी खुर्चीकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. हात उचललाच जाईना. शेवटी तो बिचारा स्वतःच फरशीवर मांडी घालून बसला आणि अर्धा तास शाळेच्या आठवणी काढून गेला. तो गेल्यावर सर मला म्हणाले, "मी माणसाचा डोळा शिकवला होता, बाई. त्याने तो कुठे काढला याचा जाब मला वर गेल्यावर विचारतील का, हे काही कळत नाही."

"जाब कसला? शाबासकी देतील," मी म्हटलं. पुढचा आठवडाभर त्यांनी मला स्टुलावरसुद्धा बसायला सांगितलं नाही.

हे सगळं मी ऑफिसात रंगवून सांगायचे, लोक हसायचे, मीही हसायचे. पण घरी आलं की तेवढं हसू यायचं नाही. सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नीतिमान माणसं मुळात कमी आणि जी आहेत ती आपापल्या कामात. हायवेचं काम तेव्हाही चालूच होतं, त्याची धूळ खुर्चीच्या गादीवर बसायची आणि सर ती रोज सकाळी झटकायचे. गादीचा एक टाकाही उसवला नव्हता. स्टुलाची फळी मात्र बसून बसून गुळगुळीत झाली होती.

आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. संध्याकाळी ते जेवायला बसायचे ते मला ऐकू यायचं. ताटावर बसून ते मोठ्याने प्रार्थना म्हणायचे, दहा माणसं पंगतीला असल्यासारखी खणखणीत. प्रार्थना संपली की थांबायचे. बाकीच्यांनी 'आमेन' म्हणावं म्हणून जेवढं थांबतात तेवढं. मग थोड्या वेळाने एकटेच म्हणायचे, "आमेन." त्या मधल्या गप्प वेळात मला भिंतीअलीकडे बसून हातातला घास तोंडात घालवायचा नाही. मी कित्येकदा ठरवलं की आपणच इथून आमेन म्हणावं. पण त्यांना आवडलं नसतं, आणि मीही काही त्यांच्यातली नव्हे.

नाताळच्या आदल्या दिवशी एक माणूस यायचा. मी राहायला आले त्या वर्षीही आला, पुढेही येत राहिला. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, डोळे मात्र पिवळट, आणि हातात वालाच्या शेंगांनी गच्च भरलेली पिशवी. फाटकाच्या आत यायचा नाही. सरही ओटीवरून खाली उतरायचे नाहीत.

"दादा, उद्या येशील? शेंगांची पोपटी लावतोय."

"सोडलंस?"

तो पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचा.

"सोडशील तेव्हा सांग."

तो जरा वेळ उभा राहायचा. ओटीवरच्या खुर्चीकडे बघायचा, स्टुलाकडे बघायचा. मग पिशवी फाटकाशी ठेवून निघून जायचा. हा सरांचा धाकटा भाऊ, शांतवन. निडीला राहायचा. रोह्याच्या कंपनीत चांगला होता, दारूपायी नोकरी गेली. मग निडीतल्या एका शेतकरी बाईकडे राहायला लागला. तिचा नवरा तिला टाकून गेलेला. लग्न नाही, मंडळीत येणं नाही, तिच्या शेतात राबायचा आणि प्यायचा. सर 'सोडलंस?' विचारायचे ते दोन्हीबद्दल, बाटलीबद्दल आणि बाईबद्दल.

पहिल्या वर्षी सरांनी ती पिशवी माझ्या दारात आणून ठेवली. "घ्या. दुर्जनाच्या घरचं मी खात नाही."

"मग मी कशी खाऊ?"

"तुम्ही स्टुलावर बसता ना," सर म्हणाले. त्यांनी केलेला हा एकच विनोद, आणि तो विनोद होता की नाही याची मला आजही खात्री नाही. मी शेंगा मीठ-ओवा घालून कुकरला लावल्या. वास सुटला तशी त्यांनी त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली. रामवाडीतल्या प्रत्येक बऱ्यावाईट माणसाला त्या ओटीवर काही ना काही बसायला मिळत होतं. सख्ख्या भावाला स्टूलही मिळालं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला सरांचा राग आला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसेल.

महिन्यातून एका रविवारी सर पॅसेंजरने रोह्याला जायचे. एकदा माझी दुपारची शिफ्ट होती म्हणून आम्ही बरोबर गेलो. नागोठणं गेलं, निडी आलं, तसे ते उठून पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले. गाडी सुटल्यावर परत माझ्यासमोर येऊन बसले, काही न झाल्यासारखे.

रोह्याबाहेर त्यांच्या लोकांची लहानशी दफनभूमी होती, चार बाजूंनी भिंत आणि आत आता तसूभर जागा नाही. सरांनी वडिलांच्या आणि आईच्या कबरीवरचा पाला झाडला. आईच्या शेजारी एक जागा मोकळी होती. तिच्या चार कोपऱ्यांना जांभ्याचे चार चिरे पुरलेले होते, चुना लावून पांढरेस्वच्छ केलेले. सरांनी पिशवीतून डबा काढला आणि त्यांना नव्याने चुना लावला.

"ही माझी," ते म्हणाले. एखादा नवा बांधलेला बंगला दाखवतो तसे दाखवत होते. "मंडळीने माझ्या नावावर लावून दिली आहे. शेवटचीच होती. इथे शेजार चांगला आहे, बाई."

माणसाला शेजार मिळणार तो तिथे, आणि त्याची तो वाट बघतोय, हे मला सहन होईना. मी शिफ्टचं कारण सांगून लवकर निघाले.

श्रावणअखेरची गोष्ट. गणपती जवळ आले होते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या मूर्तींचे टेम्पो दिवसभर रामवाडीवरून जात होते. दुपारी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, पायात चिखलाने माखलेल्या चपला. सर पायरीवर होते, मी दोरीवरचे कपडे काढत होते.

"मी यमुना," ती म्हणाली. "निडीची."

सर उठून उभे राहिले.

"त्ये गेले. आज पहाटं."

मीच पुढे होऊन फाटक उघडलं आणि तिला आत घेतलं.

"पावसाळाभर अंथरुनात व्हते," ती म्हणाली. "तुमाला कळवू नको म्हनले. फकस्त येवढंच सांगितलं, मला आईजवळ ठेवा. मी म्हनलं, ती जागा तुमच्या दादाची हाय. तर म्हनले, दादाला विचार. दादा नाय म्हनला तर नाय." तिने पदराने तोंड पुसलं. "गावातली मानसं लाकडं आनायला निघालीत. मी त्यांना सांगून आलंय, मी येईस्तोवर थांबा."

सरांनी मंडळीच्या पंचांना फोन लावला. ऐकायला कमी यायचं म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलत.

"जागा तुमची आहे, सर," पंच म्हणाले. "तुम्ही द्याल तर आम्ही नाही म्हणणार नाही. पाळकांना मी बोलावून घेतो. पण विचार करा. किती वर्षं तो उपासनेला नाही, त्याचं राहणं कसं होतं ते तुम्हीच सांगत आलात. आणि तिथे आता दुसरी जागा नाही. उद्या तुमचं काय?"

"कळवतो," म्हणून सरांनी फोन ठेवला.

यमुना अजून उभीच होती. सरांनी तिला बसायला सांगण्यासाठी हात उचलला आणि तो हात मधेच राहिला. खुर्चीकडे जाईना, स्टुलाकडेही जाईना. ती बाई सकाळपासून धावत होती. तिने सरांच्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. पायरी दिसली, तिथे टेकली. सरांच्या जागेवर.

मग सर स्टुलावर बसले. मी त्यांना त्यावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते कसं डुगडुगतं याची कल्पना नसावी. ते एकदम कलले आणि त्यांनी ओटीचा खांब धरला. खांब धरूनच त्यांनी विचारलं, "प्यायचं सोडलं होतं का त्याने? शेवटी तरी?"

मी यमुनाकडे बघत होते. मनातल्या मनात तिला म्हणत होते, हो म्हण गो बाई, एवढं एक खोटं बोल.

"नाय," यमुना म्हणाली. "आदल्या रातीलाबी घेतली. तुमच्याशी कशाला खोटं बोलू? आनि मीबी त्यांना सोडलं नाय."

टेम्पो जात होते. त्यांतल्या पोरांचा ओरडा येत होता. सर खांब धरून बसले होते. गावात लाकडं रचायला कितीसा वेळ लागतो? मला वाटलं, हा माणूस आता शास्त्र उघडेल, त्यातलं नीतिमानांचं आणि दुर्जनांचं वाचून दाखवेल, आणि ही बाई उठून जाईल, आणि मग मी आयुष्यात याच्याशी बोलणार नाही.

"चला," सर म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

रोह्याला मीही बरोबर गेले. चिरे त्यांनी स्वतः उपटले. कुणाला हात लावू दिला नाही. वर्षानुवर्षं रुतलेले दगड, एकेक हलवून हलवून काढला. दोन्ही हात चुन्याने पांढरे झाले. पाळकांनी विधी केला. यमुना भिंतीबाहेर निडीच्या माणसांबरोबर उभी होती. माती द्यायची वेळ झाली तसे सर वळले.

"यमुनाबाई, आत या," ते म्हणाले. "आधी तुम्ही."

परतीच्या गाडीत आम्ही दोघंच होतो. निडी आलं. सर जागचे हलले नाहीत. स्टेशन मागे पडेपर्यंत बाहेर बघत राहिले.

"सर, आता तुमचं?" मी विचारलं.

"माझं मी ठरवायचं नसतं, असं मीच म्हणायचो," ते म्हणाले. "आणि चार चिरे पुरून बसलो होतो." मग पेण येईपर्यंत ते नखांत गेलेला चुना काढत होते.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी सर सकाळपासून ओटीवर होते. फाटक वाजलं की मान वर व्हायची. दूधवाला आला, कुरिअरवाला आला. कुणाला कुठे बसवायचं त्याचं त्यांना भान नव्हतं. दूधवाला चक्क खुर्चीत बसून चहा पिऊन गेला आणि जाताना मला डोळा मारून गेला. संध्याकाळी सर फाटकापर्यंत गेले आणि खाली, पिशवी असायची तिथे, बघून परत आले.

नाताळच्या दिवशी उपासना आटोपून ते कोट घालूनच माझ्या दारात आले. "बाई, निडीला येता?"

यमुनाचं घर शेताला लागून होतं. भात निघालेलं, त्यात वाल हिरवागार. अंगणात शेजारपाजारचे चार लोक होते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी भरून मडकं उपडं ठेवलेलं, भोवती काटक्या पेटवलेल्या. धूर आणि ओव्याचा वास. आम्हाला बघून यमुना उठली. आत गेली आणि एक लोखंडी खुर्ची घेऊन आली. धुतलेली. अजून ओली होती.

"ही तुमची," ती सरांना म्हणाली. "दर साली नाताळला धुऊन अंगनात मांडायचे. कोन बसलं तर उठवायचे. म्हनायचे, दादा आला तर कुठं बसंल? औंदा मी धुतली."

सरांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. हलवून पाहिली.

"डुगडुगत नाही," ते म्हणाले.

"कशी डुगडुगंल? कुनी बसलंच नाय तिच्यावर."

सर बसले. ओल्या खुर्चीत, चांगला कोट घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. मडकं उघडलं, वाफ आली. यमुनाने केळीच्या पानावर शेंगा आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. सरांनी डोळे मिटले आणि प्रार्थना म्हणायला लागले, भिंतीपलीकडून ऐकली होती तशीच, खणखणीत. निडीची माणसं अवघडून गप्प झाली. प्रार्थना संपली. सर थांबले, नेहमी थांबायचे तेवढे. मला तो गप्प वेळ पाठ होता. मी त्यांच्या एकट्याच्या 'आमेन'ची वाट बघत होते.

"आमेन," यमुना म्हणाली.

सरांनी डोळे उघडले.

"रोज म्हनायला लावायचे," ती म्हणाली. "जेवायच्या आधी. प्यायलेले असले तरी."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खाली घातली आणि रडले, दफनभूमीत रडले नव्हते तसे, सगळ्यांच्या समोर. मांडीवरच्या शेंगा निवत होत्या. कुणी हात लावला नाही.